मिक्सरच्या दांड्याची निळी रेघ

ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही. राग गिळत बसलं की ते आपोआप साठतात. महाप्याच्या डिझाइन ऑफिसातले माझे सगळे किस्से मिक्सरच्या जारच्या एका दांड्याचे आहेत, आणि इतकी वर्षं झाली तरी आठवलं की डोकं तापतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ड्रॉइंग बोर्ड जाऊन नुकतेच कॉम्प्युटर आले होते. सगळी मापं दिली की स्क्रीनवरची रेघ काळी व्हायची. एक जरी माप राहिलं, तर निळी. निळी म्हणजे कुणीही माउसने ओढावी आणि तिने सरकावं; काळी मात्र जागची हलत नसे. सरळ रेघ दोनतीन मापांत गप्प बसते. पण दांड्याची रेघ वळणदार, म्हणजे स्प्लाइन. तिच्या प्रत्येक बिंदूला आडवं माप, उभं माप, शिवाय टोकांना कोन. मी दिवसभर बसून नऊच्या नऊ बिंदू बांधले.

*

करंदीकरसाहेब स्क्रीनपाशी आले. "सुलभा, हा दांडा आहे की एसटीचं वेळापत्रक? आकडेच आकडे!"

माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी एकेक माप पुसलं. रेघ निळी झाली. आकडे नुसते लपवायची सोय होती हो, एका क्लिकवर! पण प्रोबेशनवरच्या मुलीला विचारणार कोण?

*

दुसऱ्या दिवशी मिक्सर कंपनीचे मॅनेजर आले. "थोडा और गोल करो ना."

साहेबांनी रेघ धरून ओढली. "देखा? कॉम्प्युटर का यही फायदा है."

किती ओढली, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ड्रॉइंग तसंच मोल्ड बनवायला गेलं. खाली सही माझी.

*

मोल्ड बनवणाऱ्या टूलरूमचे म्हात्रेकाका जवळच्या तळवली गावचे. मोल्डमधून निघालेला पहिला दांडा घेऊन ते थेट माझ्या टेबलाशी आले. "बाय, यान माजी तीनच बोटा जातान. चवथा बाहेरच हाय."

मीटिंग बसली. साहेबांनी ड्रॉइंग उलगडून एवढंच विचारलं, "सही कुणाची आहे?"

माझं कन्फर्मेशन लांबलं. घरी नेरूळला आईने पेढे सांगून ठेवले होते. मी जिन्यात जाऊन रडले, आणि ते दुःखाने नाही, संतापाने.

*

दुरुस्ती प्रधानकडे गेली. प्रधान म्हणजे साहेबांचा लाडका, पाच मिनिटांत काम. सॉफ्टवेअरमध्ये एक 'फिक्स' कमांड होती. रेघ असेल तिथे ती खिळवून टाकायची. एकही माप न देता रेघ काळी!

"शिक जरा त्याच्याकडून," साहेब मला म्हणाले.

मग मिक्सर कंपनीने जार थोडा रुंद करायला सांगितला. जार रुंद झाला, दांडा खिळलेला तिथेच. स्क्रीनवर अर्धा दांडा जारच्या पोटात.

"होतं असं कधीकधी," साहेब प्रधानला म्हणाले. मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

*

शेवटी दांडा पुन्हा माझ्याकडे आला. मी म्हात्रेकाकांची चार बोटं मोजून घेतली, नऊ बिंदू जारच्या कडेपासून बांधले आणि या वेळी आकडे आधीच लपवून टाकले. स्क्रीनवर नुसती सुबक काळी रेघ.

मॅनेजर आले. "थोडा और गोल?"

साहेबांनी रेघ धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मग माउस टेबलावर आपटला. उलटा करून आतली गोळी काढली, रुमालाने पुसली, फुंकर मारली, परत बसवली. रेघ जागची हलेना. प्रधान धावत स्वतःचा माउस घेऊन आला. तोही तसाच.

तोवर म्हात्रेकाकांनी नव्या दांड्याचा लाकडी नमुना मॅनेजरच्या हातात दिला होता. मॅनेजरनी चारही बोटं घातली, मूठ आवळली. "बस. अब इसको हाथ मत लगाना."

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर एक कोरा माउस होता. त्याखाली कन्फर्मेशनचं पत्र. शेऱ्यात साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, "माउस खराब असूनही काम समाधानकारक."