हणमंतप्पांचं शेवटचं प्रकरण

तेरखेड्यात फटाके करणारे पुष्कळ आहेत. फटाके वाचणारे मात्र एकटेच, आमचे हणमंतप्पा.

आप्पा आणि इरम्मावहिनी घरी बसून रद्दीच्या कागदाच्या नळ्या वळतात; दारू पुढं कारखान्यात भरतात. वहिनी शंभर नळ्या वळतात तेवढ्या वेळात आप्पांच्या होतात तीन, कारण वाचल्याशिवाय कागद वळणं त्यांना पाप वाटतं. कोंबड्यांच्या औषधाची माहिती आणि लातूरकडच्या अनोळखी लग्नांच्या पत्रिका त्यांना तोंडपाठ आहेत.

गेल्या दिवाळीनंतर रद्दीत एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक आलं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात एक ज्ञानपंथ होता, त्याची हकिकत. त्या लोकांचं म्हणणं असं, की माणसाच्या आत देवाची ठिणगी अडकून पडलीय आणि ती ज्ञानानंच सुटते. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पाखंडी ठरवलं. आता ठिणगी म्हटल्यावर फटाकेवाला हलणारच! त्यात आप्पा लिंगायत. देव गळ्यात घेऊन फिरणारे.

"आरं, ह्ये तर आपलंच हाय!" म्हणून ते गावभर सांगत सुटले. जवळच्या तेरचं कापड त्या काळी भडोच बंदरातून रोमकडं जायचं, हे खरं. त्या गाठोड्यांतून आपलं ज्ञानही गेलं, ही आप्पांची भर.

येडशीच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक रणधीर यांनी त्यांना नाताळात बोलायला बोलावलं आणि फटाक्यांची माळही त्यांच्याकडूनच मागवली.

"पण आप्पा, पुरावा काय?" पाळकांनी विचारलं.

"शेवटच्या प्रकरणात हाय. म्या अजून वाचलं न्हाय, पण असणारच. पानंच घिऊन येतो!"

नाताळच्या सकाळी त्यांना येडशीला न्यायला मी गाडी घेऊन गेलो, तर आप्पा रद्दीच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेले.

"ती पिवळी पानं व्हय?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "कवाच वळली की. पाळकसायबांच्या माळंत गेली."

आप्पांनी हातातली रद्दी खाली टाकली. मी धीर दिला, "आप्पा, इजिप्तमध्ये याच पंथाची पुस्तकं मडक्यात सापडली, तेव्हा ती ज्याला सापडली त्याच्या आईनं काही पानं चुलीत घातली, असं सांगतात."

"शानी बाई," वहिनी म्हणाल्या. "चूल तर पेटली."

येडशीला प्रार्थना झाली, केक झाला. पाळक आप्पांचं नाव पुकारतात, तर आप्पा अंगणात माळ मांडीवर घेऊन, हातात ब्लेड! एकेक फटाका उसवून ते प्रकरण जुळवणार होते.

"आप्पा, अहो दारू आहे त्यात!" पाळक ओरडले.

"दारू ऱ्हाऊ द्या, माझी इज्जत हाय त्यात! साऱ्या जिल्ह्याला सांगून बसलोय."

वहिनींनी ब्लेड काढून घेतलं. "अवो, महिनाभर माझं डोकं खाल्लंत, ठिणगी आत अडकलीय म्हणून. आता सुटाया लागली तर तुमीच आडवे?"

सारं अंगण हसलं. आप्पांनी एकदा वहिनींकडं, एकदा माळेकडं पाहिलं आणि उदबत्ती मागून स्वतःच्या हातानं वात पेटवली. शेवटचं प्रकरण येडशीभर ऐकू गेलं.

धूर निवळल्यावर आप्पा बोलायला उभे राहिले. "मंडळी, ही विद्या आपल्याकडून तिकडं गेली का तिकडंच उगवली, मला ठावं न्हाय. शिकलेली माणसंबी भांडत्यात म्हणं. पुरावा आत्ताच वाजला. पर हजारो कोसांवरच्या माणसानं माझ्यासारखाच देव आत शोधला, एवढ्यानंच मी खूश हाय."

एवढ्या टाळ्या त्या अंगणात माळेलाही पडल्या नव्हत्या.

परत निघताना आप्पा दिसेनात. पाहतो तर आप्पा आणि पाळक, दोघंही गुडघ्यांवर, अंगणातले जळके कपटे वेचत होते. वहिनींनी पदराची झोळी पुढं केली होती.

हल्ली वहिनी वळण्याआधी प्रत्येक कागद आप्पांपुढं धरतात. आता वहिनींच्याही तीनच नळ्या होतात.