बाबांच्या चाकाचा उतार

माझे वडील साखरशेतच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मी मोखाड्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. जव्हारच्या आमच्या घरात माझं म्हणणं बरेचदा बरोबर निघतं, पण तसं कुणी बोलून दाखवत नाही. बाबा फक्त "बघू" म्हणतात. एकदा तरी त्यांच्या तोंडून "तुझं बरोबर आहे" ऐकायचं, एवढीच माझी हाव होती.

मे महिन्याच्या सुट्टीत जेवताना मी सांगितलं, की सरळ उतारापेक्षा वाकड्या उतारावरून गोटी लवकर खाली येते. बाबांचा भात कालवणारा हात थांबला.

"लांबच्या वाटेनं जाऊन आधी पोचते?"

"सुरुवातीलाच खोल उतरते ना बाबा, म्हणून वेग आधी मिळतो."

"बघू."

हा वाकडा उतार काढायला सायकलचं चाक लागतं. चाकाच्या कडेला खडू बांधायचा आणि उभ्या प्लायवूडला लागून ते सरळ पुढे गडगडत न्यायचं. प्लायवूडवर कमान उमटते. ती उलटी केली की तिचा वरून तळापर्यंतचा अर्धा भाग म्हणजे सगळ्यात जलद उतार. घरात सायकल एकच, बाबांची, आणि तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. शेवटी पुढचं चाक त्यांनीच काढलं आणि ओट्यावर त्यांनीच फिरवलं. माझ्याकडे फक्त खडू सांभाळायचं काम होतं.

त्या रेषेवर कापलेल्या प्लायवूडवर मी गोटी घरंगळायला वायरिंगची खोलगट प्लास्टिकची पट्टी ठोकली. शेजारी तेवढ्याच उंचीवरून एक सरळ पट्टी लावली. दोन्हींच्या खालच्या टोकाला वाट्या ठेवल्या.

वाकडीची वाटी आधी वाजली. बाबा म्हणाले, ती गोटी जड आहे. गोट्या बदलल्या. मग म्हणाले, तू एक हात आधी सोडलास. म्हणून दोन्ही गोट्यांपुढे एकच आडवी फूटपट्टी लावली आणि ती त्यांनीच उचलली. मग म्हणाले, ओटाच उतरता आहे. इतकी वर्षं तो त्यांना सपाट वाटत होता. दोन्ही उतारांच्या जागा बदलल्या, तरी वाकडीचीच वाटी आधी वाजली. माझी कंबर दुखत होती आणि डोकंही फिरलं होतं. मी सामान आवरायला घेतलं.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त कारकून कुंपणापाशी आले. बाबांनी मला थांबवलं, गोट्या पुन्हा लावल्या आणि फूटपट्टी उचलली. वाट्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"वाकडी जिंकली की!" शेजारी म्हणाले.

"जिंकणारच. रेषा माझ्या सायकलच्या चाकाची आहे."

मी वाट्या उचलल्या.

"गणित मात्र हिचं," बाबा म्हणाले. "बरोबर आहे तिचं."

हे ते शेजाऱ्यांना म्हणाले, माझ्याकडे पाठ करून. मला तेवढंही चाललं. माझे डोळे भरून आले, आणि दोन्ही हातांत वाट्या असल्यामुळे ते पुसता येईनात.