अण्णांचे नांदगाव

आहेर अण्णा माणसांचे पाय कापत. डाव्या हाताच्या चिमटीत माणूस धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि पातळ पात्याने गुडघ्याच्या वर हलका दाब द्यायचा. टिक् असा आवाज होई आणि दोन इवले पाय पांढऱ्या कागदावर पडत. ही माणसे प्लॅस्टिकची, बोटाच्या पेराएवढी. इमारतींच्या नमुन्यांसाठी बाजारात मिळतात ती सगळी उभीच असतात आणि आमच्या छोट्या, खेळातल्या आगगाड्यांच्या डब्यांत खाली यंत्र आणि वजन बसवलेले असल्यामुळे बाकांपुढे पायांना जागाच उरत नाही. "बसून जायचं म्हंजे पाय हितंच ठेवून जायचं, ताई," अण्णा मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. कापलेले पाय मात्र ते टाकत नसत. कवळी ठेवायच्या एका गुलाबी डबीत साठवत. कशासाठी, असे मी विचारले, तर म्हणाले, "उतरल्यावर मागतील की."

डबी कवळीची होती, कारण कवळ्या हाच अण्णांचा व्यवसाय. नाशिकरोडच्या एका अरुंद गल्लीत त्यांची खोली होती. दातांचे डॉक्टर मापे पाठवत आणि अण्णा त्यांतून कवळ्या घडवत. त्यांच्या सदऱ्याला त्या गुलाबी रसायनाचा गोडसर, नाकात चढणारा वास कायम असे आणि नखांच्या कडांना वाळलेले प्लास्टर. त्याच प्लास्टरचे डोंगर करून ते रविवारी दुपारी पाटणकरांच्या घरी आणत.

पाटणकर अंबडच्या एका कारखान्यात विजेची कामे पाहत. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघे जमत असू. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिरोजभाई, स्वतः पाटणकर, अण्णा आणि मी. मी महाविद्यालयात कविता शिकवते. रेल्वेशी माझा प्रवाशापलीकडे संबंध नव्हता. पाटणकरांच्या पत्नी माझ्या सहकारी. त्यांना पुस्तक परत द्यायला गेले असताना जिन्यावर एक आवाज कानी आला. रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या इवल्या चाकांचा आवाज, लहान मुलाने झोपेत दात वाजवावेत तसा. मी वर गेले, आणि त्या रविवारपासून जातच राहिले.

प्रत्येकाचे एक टेबल होते. टेबलावर आपापला मुलूख उभारायचा आणि रविवारी चारही टेबले जोडून रूळ सलग करायचे, म्हणजे एकाची गाडी सर्वांच्या प्रदेशातून फिरून येते. माझ्या टेबलावर पेठकडचा उतार होता. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झाडे आणि चहाच्या वाळवलेल्या चोथ्याची माती. फिरोजभाईंच्या मालगाडीच्या वाघिणींत खऱ्या कोळशाची पूड असे. पाटणकरांचे टेबल म्हणजे तारा आणि सिग्नल. अण्णांच्या टेबलावर त्यांचे नांदगाव होते. त्यांच्या बालपणीचा फलाट, एक कडुनिंब, एक पाणपोई.

"फिरोजभाई, तुमची मालगाडी आज येणार आहे, की कोळसा भिजला?" पाटणकर सुरुवात करत.

"कोळसा सुका आहे, साहेब. तुमचंच कनेक्शन भिजलंय."

"भांडू नका हो," अण्णा मध्येच म्हणत, "नांदगावला पाशिंजर उभी हाय. लोकं कटाळली."

त्या पाशिंजरसाठी अण्णा कमरेत वाकून, एक डोळा फलाटाच्या पातळीवर आणून उभे राहत. गाडी थांबली की हलक्या आवाजात म्हणत, "बसा, बसा. घाई नाय." त्यांनी "झालं, सोडा" म्हटल्याशिवाय पाटणकरही बटणाला हात लावत नसत. त्या अवकाशात खोलीत एवढेच उरे: तापलेल्या मोटारीचा वास, खालून येणारा फोडणीचा वास, आणि फलाटाशी लागलेला अण्णांचा तो ओलसर डोळा. मला वाटे, कुणाला तरी गाडीत बसवून देणे याहून मोठे सुख या माणसाला ठाऊक नसावे.

अण्णांच्या पत्नी पूर्वीच गेल्या होत्या. एकुलती लेक नागपूरला. तिच्याकडे ते नेहमी एसटीने जात आणि परतल्यावर आठवडाभर पाठ शेकत.

"अहो, रेल्वेने जा ना," मी म्हणे.

"रिझर्वेशन कुठं भेटतं, ताई? भेटलं तर साईड लोअर. तिथं लोकं येता-जाता गुडघ्याला आपटत्यात."

हे आम्ही खरे मानले. दर रविवारी रुळांवर वाकणाऱ्या माणसाला दुसरे काय अडवणार? म्हणून अण्णांची साठी आली तेव्हा पाटणकरांना सुचले की त्यांना नांदगावलाच न्यावे. त्यांचा फलाट, त्यांचा कडुनिंब, खरा. आम्ही चौघांची तिकिटे काढली, अण्णांना खिडकी मिळेल अशी. तिकिटाचा कागद आम्ही त्यांच्या टेबलावर, पाणपोईला टेकवून उभा केला. अण्णांनी तो बराच वेळ वाचला. "लय केलं तुम्ही," एवढेच म्हणाले. त्यांचा आवाज दाटला होता, आणि मी, शब्दांतल्या अर्थच्छटा वर्गाला उलगडून दाखवणारी, ती कृतज्ञता समजले.

नाशिकरोडच्या फलाटावर अण्णा आमच्याआधी आले होते. नवा सदरा, घड्या तशाच उमटलेल्या. सकाळचे ऊन, ओल्या फरशीचा आणि ब्रेकच्या लोखंडाचा वास, कुठेतरी चहा उतू गेल्याचा. फिरोजभाईंनी नानकटाई आणली होती. अण्णांनी ती हातातच धरून ठेवली.

"अण्णा, आज बटण माझ्याकडे नाही हं," पाटणकर म्हणाले. "आज गाडी तुमचं 'सोडा' ऐकणार नाही."

गाडी आली. पाटणकर आधी चढले. मी फोन वर धरून चित्रण सुरू केले. अण्णांनी दांडी पकडली आणि एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचललाच नाही.

"ओ काका, चढा, नायतर बाजूला व्हा," मागून कुणी म्हणाले.

आम्हाला वाटले, अण्णा थट्टा करताहेत. पाटणकरांनी हसत वरून त्यांचे मनगट धरून ओढले. फिरोजभाईंनी हसत खालून पाठीला हात लावला. आणि मी म्हणाले, "अण्णा, इकडे बघा ना. हसा ना." अण्णांनी इकडे पाहिले. त्यांच्या ओठांवर घाम होता. नानकटाईचा हातात भुगा झाला होता. "सोडा मला," ते म्हणाले. आवाज इतका लहान, की तो त्या टेबलावरच्या एखाद्या माणसाचा असावा.

पाटणकरांनी मनगट सोडले. अण्णा फलाटावर, लोकांच्या बॅगांमध्ये, खाली बसले. गाडी हलली ती पाटणकरांना घेऊनच. दारात उभे असलेले, हात अजून पुढे केलेले पाटणकर दूर गेले आणि पुढे लासलगावला उतरून एकटे परतले. एक बाई अण्णांच्या अंगावरून जाताना म्हणाली, "चक्कर आली वाटतं." फिरोजभाई पाणी घेऊन आले. अण्णांनी ते घेतले, प्यायले, बाटलीचे झाकण नीट लावून परत दिले आणि म्हणाले, "तुमची तिकिटं वाया गेली." मग उठले आणि मागे न पाहता जिना चढून गेले.

लाज मला नेहमी कानांत जाणवते. त्या सकाळी कान इतके तापले होते की गाड्यांची घोषणासुद्धा दुरून येत होती.

पुढे अण्णा येईनासे झाले. त्यांचे टेबल आम्ही भिंतीशी सारून ठेवले. तीन टेबलांचे रूळ जुळत नव्हते. नांदगावच्या जागी पाटणकरांनी एक उघडी फळी टाकली. गाडी तिच्यावरून न थांबता जाई. फिरोजभाईंनी एकदा स्वतःच्या तळहाताकडे पाहिले आणि म्हणाले, "मैंने धक्का दिया. याच हाताने." मग त्यांनी गाडी बंद केली.

मी अण्णांच्या खोलीवर गेले. फळीवर कवळ्या रांगेने मांडल्या होत्या. तोंडाविना हसणारी इतकी हसू मी एकत्र कधी पाहिली नव्हती. अण्णा कानशीने एक दात घासत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुसून दिले.

"माफी मागायला आला असाल तर नका मागू," ते म्हणाले. "रागानं ढकललं असतं तर मला राग धरता आला असता. तुम्ही तर मायेनं ढकललं. त्याचं काय करायचं ते कळंना मला."

"आधी सांगायचं होतंत, अण्णा."

"काय सांगू? आगगाडीचा नाद हाय अन् गाडीत चढता येत नाय?" त्यांनी दातावर फुंकर घातली. "ल्हानपणापासून हाय हे. गाडी हालती म्हटलं की पायाखालचं सगळं सुटतं. नांदगावला मी रोज गाड्या बघायचो. पोरं पुढच्या ठेसनापर्यंत फुकट जाऊन यायची. मी त्यांची दप्तरं सांभाळायचो. भाईरून गाडी लय सुंदर दिसती, ताई. आत बसणाऱ्याला ती दिसतच नाय."

"मग त्या दिवशी आलात कशाला?"

"वाटलं, तुमच्यासंगं जमंल."

मी खाली पाहिले. फरशीवर पांढरी पूड पसरली होती आणि तिच्यात माझ्या चपलांचे ठसे उमटले होते. अण्णांनीच विचारले, "तो व्हिडिओ हाय का?"

मी मान डोलावली. पुसून टाकते म्हणणार होते.

"एक पाय वर गेलता माझा. दिसतो का त्यात?"

"दिसतो."

"मंग ठेवा," अण्णा म्हणाले आणि पुन्हा तो दात कानशीने घासू लागले.

पुढच्या रविवारी ते आले. फळी निघाली, नांदगाव जागेवर बसले. पण आम्ही सारे इतके सभ्य झालो होतो की अंगावर काटा यावा. पाटणकर 'आपण' म्हणू लागले. फिरोजभाई मुलाकडे पुण्याला जाऊन आले, पण रेल्वेने गेल्याचे लपवत राहिले. चहाचा कप कुणी अण्णांच्या हातात देत नसे. त्यांच्यासमोर टेबलावर ठेवत असे. अण्णांनी काही रविवार हे सोसले. मग एकदा म्हणाले, "हे बघा, मी आजारी नाय. तुम्ही घसा बसल्यावानी बोलता, ते बंद करा."

पाशिंजर नांदगावला लागली. अण्णा वाकले, एक डोळा फलाटाशी नेला. आणि पाटणकर, ज्यांनी त्या दिवसापासून एकही विनोद केला नव्हता, बटणावर बोट ठेवून कोरड्या आवाजात म्हणाले, "अण्णा, चढताय का?"

मोटारीची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. अण्णा वाकलेलेच राहिले.

"पुढच्या गाडीनं येतो," ते म्हणाले.

पहिले हसू अण्णांचेच होते. मग फिरोजभाई इतके हसले की त्यांच्या वाघिणीतला कोळसा माझ्या जंगलात सांडला. त्यानंतर 'पुढच्या गाडीनं' हे आमच्यात सर्वच गोष्टींना लागू झाले. न झालेल्या कामांना, न आलेल्या पाहुण्यांना, पाटणकरांच्या बढतीला.

मागच्या हिवाळ्यात अण्णांची बोटे थरथरू लागली. दात घडवता येईनात, माणसांचे पाय वेडेवाकडे तुटत. लेकीने नागपूरला बोलावून घेतले. खोली रिकामी झाली. टेबल त्यांनी आमच्याकडे ठेवले, गुलाबी डबी मात्र खिशात घातली. आम्ही तिघे त्यांना एसटीत बसवून द्यायला बसस्थानकावर गेलो. डिझेलचा धूर, भाजक्या शेंगांचा वास, कंडक्टरची शिट्टी. नागपूरची गाडी लागली.

गाडीची पहिली पायरी उंच होती. अण्णांनी पिशवी खांद्याला लावली, दांडी धरली, एक पाय वर ठेवला आणि क्षणभर थांबले. माझा हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. पाटणकरांनी आपले हात खिशात घातले. फिरोजभाई एक पाऊल मागे सरले. आम्ही तिघेही नुसते पाहत राहिलो. अण्णांनी गुडघ्यावर तळवा रोवला, दात आवळले आणि दुसऱ्या प्रयत्नात स्वतःला वर ओढले. पिशवी दारात अडकली. ती त्यांनी एकट्यानेच सोडवली.

वर पोचल्यावर ते वळले. धाप लागली होती. आमच्या तिघांच्या हातांकडे त्यांनी एकेक करून पाहिले.

"अहो," अण्णा म्हणाले, "हितं तरी हात द्यायचा व्हता."