पायलटकाकांचा कौल

निर्मळ गावातल्या वाडीतून कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला जाणारा माणूस भर मे महिन्यात चामड्याचं जाकीट, घोटे झाकणारे बूट आणि डोक्यावर बंद हेल्मेट चढवून निघाला, तर गाव त्याला काय नाव ठेवणार? पायलट! शेजारी बनियनवर ओट्यावर वारा घेत बसलेले असायचे आणि समोरून हे महाशय घामाने निथळत जायचे. "काय पायलट, आज कुठलं विमान?" असं कुणी हटकलं की हेल्मेटची काच वर करून म्हणायचे, "हसा लेको. आपटायला लांब जावं लागत नाही." काच खाली, आणि चालू पडायचे.

काका माझ्या बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. आता दोघंही नाहीत. काकांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती, पण जीव सगळा मोटारसायकलींत. तरुणपणी शर्यतीत उतरले होते आणि साठीकडे झुकल्यावरही अधूनमधून ट्रॅकवर जाऊन यायचेच. त्यामुळे आमच्याकडे कुणाला नवी गाडी घ्यायची असली की तो आधी काकांकडे यायचा, लग्नाआधी पत्रिका दाखवतात तसा. काका ती गाडी स्वतः चालवून बघायचे. चांगली, वाईट हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. "गाडी सगळ्यांनाच आवडते रे. झेपते का ते बोल," एवढंच. मग कौल: "झेपते," नाहीतर "नाही झेपत." त्यावर वाद घालायची सोय नव्हती. एकाने फारच हट्ट धरला, तर त्याला म्हणाले, "तू गाडी घेत नाहीयेस, आरसा घेतोयस. घरात भिंतीला लाव." तो बिचारा महिनाभर त्यांच्या दारावरून गेला नाही.

मी मनवेलपाड्यात राहते, आई आणि मी. नोकरी गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. भाड्याच्या गाडीवर ट्रॅकवर चालवायचं शिकून आले आणि डोक्यात भुंगा शिरला. त्याच सुमारास एक नवी स्पोर्ट्स मोटारसायकल बाजारात आली होती. आमच्या इमारतीत गाडी लावायला जागा एकच, म्हणजे माझी स्कूटर विकून रोज गोखिवऱ्याला नेणारी आणि सुट्टीत ट्रॅकवर धावणारी अशी एकच गाडी मला घेता येणार होती. ही गाडी दोन्हीकडे चालेल का, एवढाच प्रश्न. आई तर ऐकूनच घेत नव्हती. शेवटी वैतागून म्हणाली, "भाऊजी हो म्हणाले तर घे. नाही म्हणाले तर या घरात पुन्हा गाडीचं नाव निघता कामा नये."

मी मनातल्या मनात उड्याच मारल्या. काका म्हणजे आपलाच माणूस! कसला आपला? अट ऐकताच त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनींनी माझ्यावर टाकलं?"

"हो."

"मग तेजू, निकाल लागेपर्यंत तू माझी कुणी नाहीस."

आणि खरंच, त्या दिवसापासून माझ्याशी धड हसले नाहीत. एका मेल्या गाडीपायी चांगला काका गमावते की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

नेमकी तीच गाडी काकांच्या भाच्याने घेतली होती. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि काकांच्या बहिणीने झेंडू आणि सोनचाफ्याचा मनगटाएवढा जाड हार हँडलला गुंडाळला. आमच्याकडे नव्या गाडीचा हार सुकेपर्यंत उतरवत नाहीत, मग ती गाडी कुठल्याही देवाच्या घरची असो. एरवी काका गाडीला साधी रिबीनसुद्धा बांधू द्यायचे नाहीत, पण बहिणीपुढे बोलणार काय? दुसऱ्या दिवशी दुपारी तो हार तसाच ठेवून ते रस्त्याच्या परीक्षेला निघाले, मागे अर्धी रजा टाकून मी माझ्या स्कूटरवर.

साध्या गाडीचं हँडल उंच असतं, हार लोंबला तरी काही बिघडत नाही. या गाडीचं हँडल खाली, टाकीला जवळजवळ खेटून. देवळाजवळच्या अरुंद वळणावर काकांनी हँडल पूर्ण वळवलं आणि फुलांचा गोळा हँडल आणि टाकीच्या मध्ये पाचरीसारखा जाऊन बसला. हँडल सरळ होईना. गाडी रस्त्यात आडवी आणि समोरून भाजीचा टेम्पो! मी किंचाळले. काकांनी पाय टेकून गाडी कशीबशी सावरली, टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका उजव्या हाताने फुलं ओढत होते, पण बोटांत फुलं धरलीच जाईनात. शेवटी त्यांनी डाव्या हाताने हार तोडून काढला.

मी धावत गेले. "काका, हाताला काय झालं?"

"काही नाही. झोपेत अंगाखाली आला होता."

"दुपारचे चार वाजलेत!"

"मग? दुपारी झोपू नये असा कायदा आहे? चल, गोखिवरे."

कारखाने सुटायच्या वेळेला त्यांनी मुद्दाम गाडी गोखिवऱ्याच्या गर्दीत घातली. बाकीचे लोक नवी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून बघतात. काका म्हणायचे, "पळतात सगळ्याच. हळू कशी चालते ते बघ." ट्रक आणि रिक्षांच्या मधून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. इंजिनाची धग थेट काकांच्या मांडीवर. आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी त्यांना स्वतःचीच कोपरं. लोकांनी आपापल्या दारासमोर घातलेल्या सिमेंटच्या उंचवट्यावर तिचं पोट खर्रकन घासलं, तेव्हा माझ्याच पोटावर ओरखडा उठला. घरी येऊन काका कंबर धरून बसले.

"रस्त्यावर छळते. मनगटं मागते, पाठ मागते. पण फसवत नाही, ब्रेक दाबला की लागतो. हा अर्धा निकाल. उरलेला ट्रॅकवर."

काकी आतून म्हणाल्या, "तिथे भाच्याला फिरवू द्या ना. तुम्हीच कशाला?"

"वहिनींनी भाच्याला विचारलेलं नाही," काका म्हणाले. विषय संपला.

पुण्यापलीकडच्या ट्रॅकवर भाच्याने पिकअपमधून गाडी नेली. काका सकाळीच उतरले. पहिल्या फेऱ्या काय सांगू! हा माणूस वळणावर असा लवायचा की गुडघा आता डांबराला टेकतो की मग, असं वाटावं. मी भिंतीपाशी उभी राहून नुसती बघत होते. सरळ पट्टा संपला की काका ब्रेक मारायचे आणि इंजिनाचा आवाज खाली उतरायचा. प्रत्येक फेरीला मी त्या आवाजाची वाट बघायचे. एका फेरीला तो उतरलाच नाही. इंजिन तसंच ओरडत राहिलं. गाडी वळण सोडून सरळ मातीत घुसली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

काकींना काय सांगू? माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. धूळ खाली बसली तेव्हा गाडी उभी होती आणि काका तिच्यावर बसलेले होते. 

ते सावकाश परत आले, हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक. "गाडीचा दोष नाही," म्हणाले. "माझी बोटं ब्रेकवर आलीच नाहीत."

"म्हणजे?"

"उजव्या हाताची बोटं मधूनच बधिर होतात. मानेची नस दबते, असं डॉक्टर म्हणतात. बरेच महिने झाले."

मी भडकलेच. "बरेच महिने? आणि तरी या गाडीवर बसलात? मेला असता काका! माझ्या हट्टापायी मेला असता तुम्ही!" वयाने बापासारख्या माणसावर मी भर ट्रॅकवर तोंड टाकलं. लोक वळून बघायला लागले.

"ओरड," ते शांतपणे म्हणाले. "तुझं बरोबर आहे. ओरडून झालं की गाडीवर बस."

"मी नाही बसणार."

"तेजू, तुझ्या आईला मी अर्ध्यावर उत्तर देऊ? आता तू चालव, मी इथून बघतो."

पहिली फेरी मी हेल्मेटच्या आत रडतच मारली. अंग आखडलेलं, हात गार. मग हळूहळू गाडी हाताखाली यायला लागली. वळ म्हटलं की वळायची, थांब म्हटलं की थांबायची. सरळ पट्ट्याच्या त्याच टोकाशी आले, मातीतली त्यांच्या चाकांची रेघ दिसली, आणि मी ब्रेक दाबला. गाडी दबली, झुकली आणि वळणातून अलगद बाहेर पडली.

परत आले तर काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. डाव्या हातात फोन, आवाज मोठा ठेवलेला, पलीकडे आई.

"वहिनी, रस्त्यावर छळेल तिला. रोज अंग दुखतंय म्हणून तुमच्याकडे कुरकुर करेल, लक्ष देऊ नका. ट्रॅकवर मात्र सोनं आहे. पोर नीट चालवते. घेऊ द्या."

आई मग म्हणाली, "बरं भाऊजी. तुम्ही म्हणताय तर घेऊ दे."

काकांनी फोन ठेवला नाही.

"वहिनी, अजून एक काम होतं. मी आजपासून गाडी सोडली. आमच्या हिला तेवढं तुम्ही सांगाल का? माझ्याने नाही सांगवणार."

नाचायचा दिवस होता माझा, आणि मला हुंदका आवरेना. पलीकडून मग आई म्हणाली, "फोनवर नको सांगायला. मी आत्ता निघते निर्मळला. तुम्ही याल तोवर तिच्याजवळच बसते."

काकांनी फोन मांडीवर ठेवला आणि उजवा हात माझ्यापुढे केला. त्यांना हातमोजा काढता येत नव्हता. मी एकेक बोट सोडवून तो काढला, आणि भाचा गाडी पिकअपमध्ये चढवून येईपर्यंत मी तो गार हात दोन्ही हातांत धरून बसले.