देखेल वर, ऐकेल खाली

बातमी आली तेव्हा माझ्या एका गालाला साबण होता. आमच्या घरी फोन नाही. निरोप येतात ते खालच्या रमणभाईंच्या किराणा दुकानात, आणि रमणभाई ते जिना न चढता खालूनच ओरडून सांगतात. त्या सकाळी मात्र ते जिना चढून आले. दारात क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "गामथी फोन हतो. तमारां मासी ऑफ थई गयां." सुरतेत माणूस गेला की 'ऑफ' झाला म्हणतात, इतक्या वर्षांत मला त्या शब्दाची सवय झालेली नाही. तर अशा वेळी माणसाच्या तोंडून जे काही निघायला हवं ते न निघता माझ्या तोंडून निघालं, "तमे जोयुं के सांभळ्युं?" म्हणजे, तुम्ही पाहिलं का ऐकलं? आताच फोन खाली ठेवून आलेल्या माणसाला मी हे विचारत होतो. दुःखानं माझं डोकं फिरलं असं समजून रमणभाईंनी माझ्याच माठातलं पाणी मला दिलं, आणि मीही ते साबणासकट प्यालो. त्यांना कसं सांगणार, की हा प्रश्न माझा नव्हे... ज्या गेल्या त्यांचाच आहे.

इंदूमावशी आमच्या कॉलनीच्या घंटीवाल्या. सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटी म्हणतात आणि ते बरंच आहे, कारण आमच्या पांडेसऱ्यात नुसतं गिरणी म्हटलं तर माणूस कापडाच्या मिलकडे बोट दाखवील. मावशी अमळनेरकडच्या एका खेड्यातून नवऱ्यामागे इथे आल्या. नवरा आधी लूमवर होता, मग त्यानं घंटी टाकली, मग तो वारला. घंटी आणि दिलीप नावाचा मुलगा मावशींकडे राहिले, आणि दोघांचाही पट्टा त्यांनी कधी सैल पडू दिला नाही. घंटीपुढे ऐसपैस ओटा होता. दळणाला आलेल्या बाया डबे रांगेत ठेवून त्यावर बसत, आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, एक काळा फळा होता. फळ्याच्या मधोमध पेंटरकडून काढून घेतलेली पिवळी रेघ. रेघेच्या वर लिहिलेलं 'देखेल', खाली 'ऐकेल'. अहिराणीतलं देखेल म्हणजे पाहिलेलं, ऐकेल म्हणजे ऐकलेलं. नळाला पाणी कधी येणार, नाला कोण उपसणार, कुठला रस्ता खोदलाय, कुणाकडे बारसं आहे, हे सगळं त्या फळ्यावर यायचं. आलेली प्रत्येक बातमी आधी मावशींपुढे उभी राहायची, आणि मावशी जात्यावरून नजर न काढता विचारायच्या, "देखं का ऐकं?" उत्तर मिळेल त्याप्रमाणे तिला वर किंवा खाली जागा मिळायची. वरच्या बातमीवर कॉलनी डोळे मिटून चालायची. खालची बातमी वाचून लोक म्हणायचे, बघू.

मी मूळ जालन्याकडचा. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या एका डाइंग मिलमध्ये कारकुनीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात गव्हाचा डबा घेऊन घंटीवर गेलो. फळ्यावरचं मावशींचं अक्षर पाहिलं आणि मला राहवलं नाही. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला लहानपणापासून गरजेपेक्षा जास्त वेळा सांगण्यात आलेलं आहे. मी म्हटलं, "मावशी, मी लिहून देऊ का?" त्यांनी मला पिठाच्या भुवयांखालून पाहिलं आणि खडू पुढे केला. दुसऱ्या दिवशी पाण्याची बातमी मी अशी लिहिली, 'आज सायंकाळी जलदेवता आपल्या कॉलनीवर प्रसन्न होणार आहे.' मावशी आल्या, वाचलं, पदरानं पुसलं. "पानी कव्हय येई तितलंच लिख," म्हणाल्या. मग ओट्यावरच्या बायांकडे वळून, "मास्तर शे हाऊ. याले देवी दिखस, नळ दिखत नही." म्हणजे, मास्तर आहे हा, याला देवी दिसते, नळ दिसत नाही. मी शिक्षक नाही आणि कधी नव्हतो. पण त्या दिवसापासून मी कॉलनीचा मास्तर झालो, तो आजतागायत.

या रेघेचा सगळ्यात जास्त ताप झाला तो वॉर्ड ऑफिसातल्या देसाईसाहेबांना. उन्हाळा सरत आला की ते छापील नोटीस घेऊन यायचे: पावसाळ्यापूर्वी नालासफाई होणार आहे, नागरिकांनी सहकार्य करावं. मावशी ती नोटीस रेघेखाली लिहायला लावायच्या. सही-शिक्क्याचा कागद आणि त्याचा मुक्काम 'अमुक काकूंच्या जावयाची बदली झाली म्हणतात' याच्या शेजारी! देसाईसाहेब गुजराती-हिंदीच्या मधल्या कुठल्याशा भाषेत म्हणत, "बेन, ये तो सरकारी है. नीचे क्यूं?" मावशी म्हणत, "साहेब, मी कागद पाहिला, नाला कुठे पाहिला?" मग गाळ निघायचा, काठावर ढीग दिसायचे, आणि संध्याकाळी मावशी मला म्हणायच्या, चढव. बातमी रेघ ओलांडून वर जायची. पुढे पुढे साहेबांनाच त्याची गोडी लागली. काम झालं की स्कूटर थांबवून, इंजिन बंद न करता विचारायचे, "चढी गई?" त्यांच्या ऑफिसात त्यांना एवढी पावती कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

फळ्याला खरी किंमत यायची ती उन्हाळ्याच्या शेवटी. अक्षय्य तृतीयेला आमच्या कॉलनीतला खानदेशी माणूस आखाजी म्हणतो आणि आखाजीला गावी जातो. सोबत लग्नं उरकतो, आंबे खातो आणि वैशाख सरता सरता भुसावळकडच्या गाडीनं सुरतेजवळच्या उधना स्टेशनला उतरतो. ही माणसं बॅगा घेऊन घरी जाण्याआधी घंटीवर यायची. डोक्यावर ट्रंक, काखेत पोर, आणि मान वर करून वाचताहेत, की आपल्या माघारी पाण्याची वेळ बदलली, मधली गल्ली खोदली आहे, तिकडून जाऊ नका. अशाच एका आखाजीला मावशी स्वतः गावी गेल्या आणि जाताना खडू माझ्याकडे देऊन गेल्या. पुढचं सगळं त्यातून झालं.

त्या दिवसांत शहरात रस्ते रुंद होत होते. ओटे, पायऱ्या, पत्र्याच्या पडव्या निघत होत्या, आणि आपली पाळी कधी येणार ही चर्चा प्रत्येक ओट्यावर चालायची. एका सकाळी कामावर जाताना मला दिसलं, की दोन माणसं टेप धरून आमच्या ओळीसमोर लाल रंगाच्या खुणा करताहेत. मी विचारलं, "भाई, सब टूटेगा?" त्यातला एक म्हणाला, "टूटेगा ही न." बस. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं! कामावर पोहोचायच्या आधी परत फिरलो आणि रेघेच्या वर, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'सोमवारी आपल्या ओळीतले ओटे तुटणार. आपण होऊन काढल्यास लादी व विटा वाचतील.' सोमवार कुठून आला, हे मला आजही सांगता येणार नाही. बातमीला वार असला की ती भरीव दिसते, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. लादी-विटांचा सल्ला माझ्या पदरचा.

वरची बातमी होती. रविवारी सकाळी अख्खी ओळ पहारी घेऊन उतरली. दिलीप मला म्हणाला, "मास्तर, आई येऊ दे ना. तिला विचारून करू." मी त्याला नागरिकाच्या कर्तव्याबद्दल काहीतरी सांगितलं, आणि उदाहरण घालून द्यावं म्हणून घंटीच्या ओट्यावर पहिली पहार मीच मारली. ती माझ्याच बुटावर बसली, तो भाग सोडून देऊ. दुपारपर्यंत सगळे ओटे आडवे झाले. लाद्या भिंतींना टेकवल्या. लोक माझ्याकडे कौतुकानं पाहत होते आणि मी लंगडत त्यांच्यामधून फिरत होतो.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी देसाईसाहेब आले, स्कूटर बंद केली आणि पडलेल्या ओट्यांवरून नजर फिरवली. खुणा नव्या पाइपलाइनच्या होत्या. तुटणार होता तो रस्त्याचा डांबरी काठ. "पण ओटे?" मी विचारलं. ते म्हणाले, "वो तो आपने ही तोडा." आणि नियम असा निघाला, की उभा ओटा चालत होता, पण पडलेला ओटा पुन्हा बांधला तर तो नवं अतिक्रमण. म्हणजे लाद्या वाचल्या, त्या टाकायची जागा गेली.

मावशी गुरुवारी आल्या. रिक्षातून उतरल्या, डोक्यावर कैऱ्यांचं पोतं, आणि सवयीनं ओट्यावर ठेवायला म्हणून पाय उचलला तो तसाच खाली आला. घंटीचा उंबरठा त्यांच्या कमरेला लागत होता. फळा तर हवेत लटकल्यासारखा दिसत होता. त्यांनी तो वाचला. मी समोरच होतो. पळून जायला बूट चालत नव्हता.

"देखं का ऐकं?"

"देखं, मावशी."

"काय देखं?"

"खुणा."

"खुणा देख्यात," त्या म्हणाल्या. "तुटनं ऐकं."

एवढंच. पोतं दिलीपकडे दिलं, त्याचा हात धरून वर चढल्या आणि घंटी सुरू केली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं... कारण मोडलेल्या ओट्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवसापासून दिसू लागली. लोक फळ्याकडे बघेनात. म्हाताऱ्या बायांना डबा घेऊन चढता येईना, त्या पलीकडच्या घंटीवर जाऊ लागल्या; ज्या येत त्या मान वर करत नसत. पाण्याची वेळ फळ्यावर असताना बाया मावशींसमोरच एकमेकींना विचारायच्या, "पाणी कधी हो येणार?" मावशींनी इतक्या वर्षांत जमवलेली एकच गोष्ट होती, वरच्या बातमीवरचा भरवसा, आणि ती मी विटांच्या हिशेबात घालवली होती.

त्यांनी काय केलं, तर माझी बातमी पुसली नाही. दिलीपकडून जशीच्या तशी रेघेखाली उतरवून घेतली. मग लोहाराकडून लोखंडी पायऱ्या करवल्या, सकाळी लावायच्या, रात्री आत घ्यायच्या, म्हणजे अतिक्रमण नाही. पहिल्या दिवशी स्वतः त्या पायऱ्यांवर चढून, वरच्या भागात, आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'ओटा पडना.' ओटा पडला. ही बातमी कॉलनीत प्रत्येकानं पाहिलेली होती. लोक थांबले, वाचलं, कुणीतरी हसलं. हळूहळू माना पुन्हा वर होऊ लागल्या.

मला खडू मिळाला नाही. "मास्तर, आते तू देखाले शिक," त्या म्हणाल्या, आणि भर उन्हात मला नाल्यावर पाठवलं, गाळ निघतोय का ते पाहायला. मी जाऊन यायचो, मावशी उलटतपासणी घ्यायच्या: ढीग काठावर आहे का उचलला? ओला का सुका? एकदा जवळून पाहायच्या नादात माझा पाय आत गेला आणि चप्पल तिथेच राहिली. गुडघ्यापर्यंत काळा होऊन मी घंटीवर उभा राहिलो. मावशींनी पायाकडे पाहिलं. प्रश्न विचारला नाही. खडू दिला.

एकदोन वर्षांनी रुंदीकरण खरंच आलं आणि शेजारच्या गल्लीतले ओटे गेले. आमचे आधीच गेलेले. लोक म्हणू लागले, मास्तरला आधी कळलं होतं, आणि मी ते नाकारलं असं कुणाला आठवत नसेल. मी मावशींकडे गेलो. म्हटलं, बातमी खरी ठरली, आता तरी चढवायची का? त्यांनी चाळणी आपटली. "खाले व्हती, खालेच ऱ्हाऊ दे."

यंदा हिवाळ्यापासून त्यांना दम लागायचा. पिठानं होतं म्हणायच्या, जणू पीठ कालपरवा आलंय. आखाजीला दिलीपबरोबर गावी गेल्या. पायऱ्या उतरताना खडू मला दिला, आणि नळाची वेळ बदलणार म्हणतात, ते जाऊन पाहा, एवढंच सांगितलं. मी जाऊन पाहिलं. वेळ बदलली होती. ते लिहिलं त्यानंतर दोन-चार दिवसांतच रमणभाई जिना चढून आले.

तोंड धुऊन मी घंटीवर गेलो. कुलूप होतं, पण फळा बाहेरच असतो. रमणभाईंचं स्टूल घेऊन चढलो आणि लिहिलं, 'इंदूमावशी वारल्या.' खाली लिहिलं, रेघेखाली. मी ऐकलेलं होतं. मिलमध्ये रजा मिळाली नाही म्हणून मी गावी गेलो नाही; रजा मागताना फार जोर लावला नाही, हेही खरं. गावाहून परतणारी माणसं ट्रंका घेऊन येत, मान वर करून वाचत. मध्ये एकदा देसाईसाहेब आले, नाला झाला होता. त्यांच्यासमोर मी त्यांची बातमी वर चढवली. त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. "ये तो पक्का है न?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पक्का है. त्यांनी त्या रेघेवरून वर्षानुवर्षं माझं आणि मावशींचं डोकं खाल्लं होतं. या वेळी नुसती स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे सुरू केली.

तेरावं करून दिलीप आला. पायऱ्या बाहेर काढून लावल्या, घंटी पुसली, आणि फळ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्याचे केस नुकतेच फुटत होते. मी म्हटलं, "दिलीप, तू पाहिलं आहेस. तू सांगशील तर मी वर घेतो." त्यानं माझ्या हातातून खडू घेतला, दोन पायऱ्या चढला आणि वरचा भाग बराच वेळ वाचत राहिला... पाण्याची वेळ, नाला, शाळा उघडायचा दिवस.

"वर जागा नाही, मास्तर," तो म्हणाला आणि उतरला.

जागा होती. नाल्याच्या खाली चांगली हातभर जागा मोकळी होती, मी स्वतः पाहिली. पण ते मी कुठे लिहिलं नाही. आता रोज सकाळी पायऱ्या चढतो, वरचं पुसतो, नवं लिहितो. मावशींच्या त्या खालच्या ओळीवर दळणाचं पीठ बसतं, ते तेवढं फुंकरीनं उडवतो.