हसकेशेट आणि मागचं दार

आमच्या ढोकीत कुणाच्याही घरी गेलं की माणूस आधी ‘राम राम’ म्हणतो. हसकेशेट आधी विचारायचा, “मागचं दार कुठंय?” ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो टेकायचा नाही, आणि बसला तरी पुढच्या दाराकडं तोंड करून. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा हौसेनं त्याला सोबत नेलं. पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि शेटनं तिच्या बापाला तोच प्रश्न टाकला. बापाला वाटलं, पाव्हणे पळून जायच्या बेतानं आलेत. सोयरीक तिथंच मोडली. पुढं दुसरीकडं जमली, पण त्या घराला मागचं दारच नव्हतं. माझ्या लग्नात शेट रस्त्यावर, बैलगाडीत बसून जेवला.

त्याचं खरं नाव हेस्केल. बगदादचा यहुदी. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबईला आला आणि तिथून एका नातलगाकडं हैद्राबादला निघाला. कुर्डुवाडीला चहाला उतरला आणि परत चढताना आमच्या छोट्या गाडीत चढला. ही गाडी अशी, की एकदा एका म्हशीनं तिला मागं टाकलं आणि वर थांबून वळून बघितलं. ढोकीला तिकीट चुकीचं निघालं. मास्तरनं नाव विचारलं. हा म्हणाला, “हेस्केल.”

फलाटावर ऐकू आलं, “हस की लं!”

पाव्हणा एवढं म्हणतोय म्हटल्यावर सगळा फलाट हसला. मास्तर हसला, हमाल हसले. माझं म्हणणं, इंजिनसुद्धा हसलं. हा पेटी धरून बघत राहिला आणि हैद्राबादला गेलाच नाही. पुढं म्हणायचा, “भाई, बहुत दिवसांनी इतके लोक एकदम माझ्याकडं बघत होते, आणि हसत होते. असं गाव कायकू सोडायचं?”

आमच्या समोर त्यानं गोटी सोड्याचं दुकान टाकलं. सोडा असा जहाल, की एक घोट घेतला तर तेरच्या बाजारात खाल्लेली भजी आठवणीसकट वर यायची. दुकानाला भिंत लागून घर होतं कासमभाई टांगेवाल्याचं. शेट त्याच्याकडूनच बोलायला शिकला.

दुकान नवं, भिंत नुकती चुन्यानं रंगवलेली. माझ्या आईनं रीतीप्रमाणं गेरूत हात बुडवून दाराच्या दोन्ही अंगांना पंजे उठवले. शेट स्टेशनवरून बाटल्यांचा खोका घेऊन आला, दाराकडं बघितलं आणि खोका सोडला. बाटल्या अशा फुटल्या की पार येडशीच्या डोंगरात मोर ओरडले. धुरळा बसला तेव्हा शेट नाही! पुढून आत, मागच्या दारानं पसार. सगळं गाव ज्वारीत शिरलं. शेट राखणीच्या माळ्यावर, हातात गोफण घेऊन बसलेला.

आई खालून ओरडली, “आरं लेकरा, तुजं चांगलं व्हावं म्हणून हात उठीवले, आन् तू पळतूस व्हय?”

तेव्हा त्यानं सांगितलं. बगदादला यहुद्यांच्या दारांवर असेच लाल हात कुणीतरी काढून गेलं. त्यांना वाटलं, पोरांचा चाळा. मग सणाच्या दिवशी जमाव आला. दोन दिवस हात बघून घरं फोडत होता. थोरला भाऊ जमावाला समजवायला पुढच्या दारात गेला, तो दारातच संपला. ह्याला शेजारच्या मुसलमान म्हाताऱ्यानं गच्चीवरून ओढून घेतलं आणि स्वतः उंबऱ्यात आडवा बसला.

आईनं गेरूनं माखलेला पंजा वर धरला. मग म्हणाली, “हात आमचाच की. मेल्यांनी उलट्या कामाला लावला. उतर आता, भाकर खा.”

शेट उतरला. पंजे राहू दिले, पण मागचं दार दुप्पट रुंद करून घेतलं. “पुढचं दार माणसाला, मागचं जमावाला,” म्हणायचा.

मग निजामावर पोलीस ॲक्शन झाली. रझाकार पळाले आणि लोकांचा राग हाताला लागेल त्या मुसलमानावर निघाला. ज्या कासमभाईनं घोड्यावरसुद्धा कधी चाबूक ओढला नाही, त्याच्या दारावर एका सकाळी लाल फुली दिसली. बाहेरून टोळी येणार होती, तिच्यासाठी केलेली खूण. आम्ही पाणी मारलं. गेरू जास्तच पसरला.

शेट पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ज्वारी. पण तो आईकडं आला. “अम्मा, हाथ दो.”

आईनं घमेलंभर गेरू कालवला. फुलीवर पंजा बसला, मग गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांवर. देवळावर, चावडीवर, पाटलाच्या म्हशीच्या पाठीवरसुद्धा. कासमभाईचं बिऱ्हाड शेटच्या खोक्यांमागं बसलं. मागचं दार सताड उघडं होतं, आणि शेट पुढच्या दारात उभा राहिला.

टोळी आली. काठ्या, कुऱ्हाडी. म्होरक्या चक्रावला. “त्येंचं घर कंचं?”

“आज सण हाय आमचा,” आई म्हणाली. “हळदीकुंकवाला आलायसा का? बसा!”

“पहले सोडा पियो,” शेट म्हणाला आणि फट्‌ फट्‌ गोट्या दाबू लागला. उन्हातून आलेली माणसं, प्यायली. म्होरक्यानं आरोळी द्यायला तोंड उघडलं, निघाला ढेकर. मागच्यानं उत्तर दिलं, तोही ढेकर. गल्लीतली पोरं हसली, बाया हसल्या, शेवटी टोळीतलेच दोघे फिसकन हसले. मग काठ्या खांद्यावर टाकून ते गेले.

“ढेकर देताना माणसाला घर जाळता येत नाही,” शेट म्हणाला आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसला. आईनं त्याला त्याचाच सोडा पाजला. पलीकडच्या गावांत जे झालं ते झालं. ते मी हसून सांगू शकत नाही.

पुढं त्याच्या बगदादला ताटातूट झालेल्या बहिणीचा ठावठिकाणा लागला, सातासमुद्रापार. दुकान कासमभाईला देऊन तो निघाला. निरोपाला आमच्याकडं आला, ‘राम राम’ म्हणाला आणि पुढच्या दाराकडं पाठ करून जेवला. आईनं डोळ्यांना पदर लावला.

स्टेशनवर सगळं गाव होतं. नव्या मास्तरनं पेटीवर घालायला नाव विचारलं.

“हेस्केल.”

त्या दिवशी कुणीच हसलं नाही. इंजिनसुद्धा नाही. शेटनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, “अरे, हस की!”