लाल्या-बादशा का बसले

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं न्हाई. आणि तिला मी काय सांगत न्हाई हो? पाटीवर कुठं वेलांटी चुकली, चौकात कोणाशी वाजलं — घरी गेल्या गेल्या सगळं ओकून मोकळा होतो. माझ्या पोटात तीळ भिजत न्हाई. एवढं एकच राहिलं. आता तुम्ही बसलाच आहात समोर, तर ऐका. मधे बोलू नका फक्त. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू व्हायचो न्हाई.

मी पेंटर. जालन्यात बियाण्याच्या पिशव्यांवरची चित्रं काढायचो. कपाशीचं बोंड नारळाएवढं, मिरची हातभर, आणि शेजारी पिशवी धरून हसणारा फेटेवाला. खालचा मजकूरही माझाच — ‘शेत डोलेल, शेजारी बोलेल!’ खोटं? अहो, खोटं कसलं, ती रीतच होती. घेणारालाही माहीत असायचं की बोंड बोंडाएवढंच येणार. नारळ मागायला कोणी माझ्या दारात आलं न्हाई. त्या कामात माझं नाव झालं, आणि — खरं सांगू? — डोक्यात हवा गेल्ती.

नजीर माझा दोस्त. मूळचा बदनापूरचा, जालन्यात कॉम्प्युटरच्या क्लासमधे शिकवायचा. नव्वदीचा शेवट होता. गल्लोगल्ली क्लास निघालेले, आणि शिकायच्या नावाखाली सगळे गेमच खेळायचे. मोटारी, बंदुका, सगळं बाहेरचं. नजीर म्हणला, आपल्याकडचा एक का नसावा? आणि बसला की बनवायला! शंकरपट — बैलजोड्यांची शर्यत. त्याच्या अब्बांची जोडी होती एकेकाळी, लाल्या आणि बादशा. तीच त्यानं गेममधे घातली. अब्बा पटात कधी आसूड लावायचे न्हाईत. कासरा ढिला सोडायचे, बस. गेममधेही बराबर तसंच. आसुडाचं बटन होतं, पण एकदोनदाच चालायचं. जास्ती दाबलं की दोन्ही बैल मधेच खाली बसायचे आणि मान वळवून तुमच्याकडं बघायचे. ते बघणं त्यानं असं काही केलं होतं, काय सांगू!

या एका गेमसाठी त्यानं क्लासची नोकरी सोडली. घरचे म्हणले, हा चालला तर पुढचा बनव, न्हाई चालला तर गुमान भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात बस. बिलकुल इतकं साफ. आणि हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सीडीचं कव्हर माझ्याकडं आलं. मी एक नमुना रंगवला. धुळीत पळणारी जोडी, हाकणारा मागं रेललेला, कासरा ढिला, आसूड कमरेला खोचलेला. मागच्या बाजूला नजीरनं सांगितला तसा मजकूर — ‘मारू नका. कासरा सोडा. जोडी आपोआप पळेल.’ नमुना त्यानं दारातल्या उजेडात नेऊन बघितला. मंग म्हणला, “पेंटर, माझ्या मनातलं काढलंस.” आणि अम्मीला दाखवायला तो घरी घेऊन गेला.

तिथंच थांबायला पाहिजे होतं ना मी? छापायला द्यायची म्हणून मी दुसरी प्रत काढली. ती एका सीडीवाल्या दुकानदारानं बघितली आणि नाक मुरडलं — हे बैल पटाला चाललेत का पाणी प्यायला? झोंबलं मला. दुकानात दोरीला चिमट्यांनी इतकी कव्हरं टांगलेली, आणि त्यात माझं लांबून दिसणार न्हाई? माझं? बसलो ब्रश घेऊन. बैलांचे डोळे लाल केले. तोंडाला फेस आणला. हाकणाऱ्याला उभा केला, आसूड पार आभाळात. आणि मागचा मजकूर — तो मी बदललाच. ‘हाण आसूड, पळव जोडी! जितके फटके, तितका वेग!’ बियाण्याची पिशवी रंगवतोय असं समजून लिहिलं.

नजीरला विचारलं न्हाई. छापून आलं की दाखवू, म्हणलं. छापून आल्यावर म्हणलं, विकल्यावर दाखवू. तो घरात पडद्यापुढंच बसलेला, दुकानं फिरायचं काम माझ्याकडं. गठ्ठे माझ्याकडूनच परभारे गेले — जालन्यात, वडीगोद्रीच्या रोडवरच्या दुकानात, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला. आणि विकला ना! राजूरला मी स्वतः बाजूला उभं राहून बघितलं. लोक दर्शन करून यायचे, आसूड बघून थबकायचे, हातात घ्यायचे. माझी छाती अशी फुगली म्हणता!

मंग सीड्या परत येऊ लागल्या. बैल बसतेत. सगळ्यांचं एकच — बटन दाबून दाबून बोटं दुखली, बैल काही उठत न्हाईत, गेम खराब आहे. मला तिथल्या तिथं कळलं. पिशवीवर काही का लिहा, शेतकरी बी आपल्या अकलेनं पेरतो. गेमवर लिहिलं की माणूस तेच करतो. त्याला दुसरं काय ठावं असतं?

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते, कान धरून सांगता आली असती. पण याच्यापुढचं ऐका.

परत आलेला माल दुकानदार माझ्याकडंच द्यायचे. न विकलेला मी स्वतः फिरून गोळा केला. एकेक कव्हर डबीतून काढलं आणि बंबात घातलं. बायको म्हणली, आज पाणी जल्दी तापलं. नुसत्या सीड्या नेऊन नजीरपुढं ठेवल्या. म्हणलं, कव्हरं फाटली होती. आतमधेच काहीतरी गडबड आहे बघ, लोक म्हणून राह्यले.

आणि तो बघत बसला! नसलेली खोट शोधत बसला. मी जायचो तेव्हा तो त्या पडद्यापुढंच, दाढी वाढलेली, जेवणाचं ताट झाकलेलं तसंच. एकदा त्यानं अम्मीला खेळायला बसवलं. तिनं माझं छापलेलं कव्हर कुठं बघितलं होतं? आसुडाच्या बटनाला तिनं हातच लावला न्हाई. “मारना कायकू रे? आपीच भागते ना,” म्हणली, आणि लाल्या-बादशा असे सुटले, असे सुटले — नजीरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्याकडं वळून तो काय म्हणला? “बघ पेंटर, घरी चालतो. लोकांच्या हातात गेला की बंद पडतो. म्हंजे खोट लई आतमधे आहे. मला सापडून न्हाई राह्यली.”

काय लागत होतं तेव्हा? एक वाक्य. अगदी जिभेवर आल्तं. तेवढ्यात अम्मीनं चहा पुढं केला, आणि मी तो पिलो.

भीती कशाची होती मला? नजीर मारणार न्हाई, शिवी देणार न्हाई, तसला माणूसच न्हाई तो. पेंटरनं गेम बुडवला असं चार लोक म्हणतील, एवढीच. त्या चार लोकांसाठी मी त्याला वेल्डिंगच्या दुकानात बसवला. त्यानं पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला न्हाई. म्हणायचा, आपल्याला जमत न्हाई ते.

परवा पाटीची चौकट जोडून घ्यायला गेल्तो. ठिणग्यांनी त्याचे डोळे सदा लाल झालेत, पाणी वाहत राहतं. हात धरून घरी घेऊन गेला. कपाटात काचेमागं माझा तो नमुना. जपून ठेवलेला! त्याची लेक शाळेतून आली होती, तिला त्यानं काढून दाखवला. तिनं मोठ्यानं वाचलं — मारू नका, कासरा सोडा. नजीर तिला म्हणला, “ह्यात पेंटरचाचाची काही कसूर न्हाई बेटा. चित्र बराबर, लिहिलेलं बराबर. माझंच आतलं चुकलं.”

मी काय म्हणलो असेन? म्हणलो, रंग उडालेत, दे, ताजे करून आणतो.

नमुना आता माझ्या टेबलावर आहे. लाल्याला रंग दिला, बादशाला दिला. आसूड कमरेलाच ठेवला. मागच्या अक्षरांवरूनही ब्रश फिरवून झाला, नजीरच्याच शब्दांवरून, एकही न बदलता. उद्या नेऊन द्यायचा. तो हातात घेईल, लाल डोळ्यांजवळ धरील, आणि म्हणेल, बराबर. आणि मी चहा पिऊन परत येईन.